‘सगळं उघडलंय’ म्हणजे नेमकं काय उघडलंय?

पत्र:
‘ताई, मी निपाणीची. मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले, वय ६६. मुलगी मेलबर्नला असते. २०२०च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आला होता, एप्रिलचं तिकीट काढलं होतं आणि मार्चमध्ये सगळं बंद पडलं. मग यजमानांचं दुखणं निघालं, जाणं राहूनच गेलं. नात तेव्हा पोटात होती, आता शाळेत जाते. आता जायचं ठरवलंय तर प्रत्येकाचं वेगळंच. शेजारचे म्हणतात लशीचं सर्टिफिकेट लागतं, आणि मी घेतलेली कोव्हॅक्सिन तिकडं चालत नाही. मुलगा म्हणतो आता सगळं उघडलंय, नुसतं तिकीट काढ. एजंट म्हणतो आरोग्याचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, त्याचे अडीच हजार वेगळे. माझा जुना व्हिसा तर वापरलाच नाही, तो चालेल का? पासपोर्टला सात महिने उरलेत. पासपोर्टवर बेळगाव आहे, आधारवर बेळगावी. सोबत कुंद्याची मिठाई न्यायचीय. खरं कुणाचं धरू?’
— निपाणीच्या एक बाई

बाई, नमस्कार.

गंमत अशी आहे की तुम्हाला सांगणाऱ्यांपैकी निव्वळ खोटं कुणीच बोलत नाही. शेजारी २०२१ साल सांगतायत. एजंट २०२२च्या सुरुवातीचं सांगतोय. मुलगा वर्तमानपत्राचा मथळा सांगतोय. कधी ना कधी यातलं बरंचसं खरं होतं, फक्त त्यावर तारीख घातलेली नाही. तुम्ही शाळेत वहीवर आधी तारीख घालायला लावत असाल ना? इथंही तेच करायचं. कुणी नियम सांगितला की दोन प्रश्न विचारा, नियम कुणाचा आणि कधीचा?

हे तुम्हाला मी वेगळं शिकवायची गरज नाही. तुम्ही निपाणीत राहता. महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळी नाका तुमच्या दारात. २०२०च्या उन्हाळ्यात कर्नाटकात शिरायला तिथल्या सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरचा पास लागायचा, आठवतं? पुढं पास गेला, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि २०२१मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट मागायला लागले. त्या वर्षीच्या ऑगस्टात तर लशीचे दोन्ही डोस झालेल्यालाही रिपोर्ट हवाच होता. कोल्हापूरला सकाळी दवाखान्यात गेलेला माणूस संध्याकाळी घरी यायला नाक्यावर अडकायचा. ‘बॉर्डर उघडी आहे’ असं बातमीत असायचं, ते खरंही असायचं, पण ‘कुणासाठी, कुठला कागद दाखवून’ हे त्या बातमीत नसायचं. शिनोळी-बाचीकडून बेळगावात येणाऱ्या चंदगडच्या लोकांनीही तेच सोसलं. परदेशाची सीमा म्हणजे हाच नाका, फक्त तिथं ओळखीचा हवालदार भेटत नाही.

आता तुमच्या ऑस्ट्रेलियाचं. त्यांनी सीमा बंद केली ती २० मार्च २०२० रोजी, स्वतःचे नागरिक, कायमचे रहिवासी आणि त्यांचं जवळचं कुटुंब सोडून जवळजवळ सगळ्यांना. भारतानं त्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली. त्यातली सगळ्यात कडू गोष्ट २०२१च्या मे महिन्यातली. ३ मेपासून १५ मेपर्यंत भारतात असलेल्या ऑस्ट्रेलियन नागरिकालाही स्वतःच्या देशात परतायला बंदी होती, आणि मोडली तर दंड नाहीतर तुरुंग. तेव्हा मी बेळगावच्या टिळकवाडीत विमान तिकिटाच्या काउंटरवर बसत होते. हातात निळा पासपोर्ट घेऊन माणसं विचारायची, ‘आमचाच देश आम्हाला घेत नाही म्हणजे काय?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या वर्षानं माणसांच्या मनात जी धास्ती बसली ती अजून उतरलेली नाही, आणि त्या धास्तीवरच आज पुष्कळांची दुकानं चालतात.

शेजाऱ्यांचं कोव्हॅक्सिनचं म्हणणंही तिथूनच आलेलं. कोव्हिशिल्डला ऑस्ट्रेलियानं आधी मान्यता दिली, कोव्हॅक्सिन मागं राहिली. तेवढ्या मधल्या काळात ‘कोव्हॅक्सिन चालत नाही’ हे खरं होतं. १ नोव्हेंबर २०२१ला तिलाही प्रवाशांसाठी मान्यता मिळाली. २१ फेब्रुवारी २०२२ला दोन डोसवाल्या पर्यटकांसाठी दार उघडलं, आणि ६ जुलै २०२२पासून लशीचा पुरावा मागणंच बंद झालं. म्हणजे आज तुमची लस कुठली, किती डोस, हे ऑस्ट्रेलियात शिरताना कुणी विचारत नाही. सर्टिफिकेट मोबाइलमध्ये असलं तर असू दे, पुसून टाकायचं कशाला.

एजंटाचा अडीच हजाराचा फॉर्म. २०२२च्या फेब्रुवारीत डिजिटल पॅसेंजर डिक्लरेशन नावाचा ऑनलाइन फॉर्म ऑस्ट्रेलियानं खरोखर सुरू केला होता. तो त्याच ६ जुलैला बंद झाला. आणि चालू होता तेव्हाही फुकट होता! आता विमानात एक छापील कार्ड देतात, इनकमिंग पॅसेंजर कार्ड. काही मार्गांवर तेच मोबाइलवर भरून घ्यायला लागलेत. त्याचेही पैसे नाहीत. एजंटाला माहीत नाही असं समजून तुम्ही त्याला सरळ विचारा, ‘त्या फॉर्मचं नाव काय, सरकारच्या कुठल्या पानावर आहे, मला दाखवा.’ दाखवता आलं नाही तर अडीच हजार पर्समध्येच राहू द्यात. परतीच्या प्रवासाला ‘एअर सुविधा’ भरून देतो म्हणणाराही कुणी भेटेल. भारतात येताना भरायचा तो फॉर्म २०२२च्या नोव्हेंबरातच काढून टाकला होता. पुढं चीन, जपान, थायलंड वगैरे मोजक्या देशांकडून येणाऱ्यांसाठी पुन्हा आणला आणि २०२३च्या फेब्रुवारीत तोही गेला.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. महामारी गेली तरी फॉर्म भरायची सवय देशांनी ठेवून घेतली. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड आहे, मलेशियाचं आहे, थायलंडनं १ मे २०२५पासून आपलं डिजिटल कार्ड सक्तीचं केलं. सिंगापूर नि थायलंडचं कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, आणि ही सगळी कार्डं सरकारी पानावर फुकट आहेत. गूगलवर नाव टाकलं की वर जी जाहिरात येते ती बहुतेक वेळा पैसे घेणाऱ्या मध्यस्थाची असते, पान अगदी सरकारी दिसतं. तुम्ही सिंगापुरात फक्त विमान बदलणार असाल, इमिग्रेशनच्या बाहेर पडणार नसाल, तर हे कार्डही लागत नाही.

विमान बदलण्यावरून आठवलं. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढू नका. मुंबई ते मधलं गाव एक तिकीट आणि तिथून मेलबर्न दुसरं, असं केलं की पुष्कळदा मधल्या विमानतळावर सामान घ्यायला बाहेर यावं लागतं. बाहेर यायचं म्हणजे त्या देशात प्रवेश करायचा, आणि प्रवेश करायचा तर त्या देशाचा नियम लागू. खानापूर तालुक्यातले एक काका असेच मुंबईच्या काउंटरवरून परत आले. मेलबर्नचा व्हिसा चोख होता, मधल्या देशाचा नव्हता. बॅग अगदी शेवटपर्यंत, मेलबर्नपर्यंत टॅग होणार ना, हे तिकीट काढतानाच विचारा.

काका परत आले ते इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यानं पाठवले म्हणून नव्हे. विमान कंपनीच्या काउंटरवरच अडले. हे लोकांना पटत नाही, पण पहिला नाका तोच आहे. कागद अपुरे असलेल्या माणसाला नेलं तर कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणण्याचा खर्चही तिच्याच माथी. म्हणून काउंटरवरची मुलगी संगणकात टायमॅटिक म्हणून जी यंत्रणा असते तीत तुमचा पासपोर्ट कुठला, जाणार कुठं, मध्ये थांबणार कुठं हे घालून बघते. तिथं ‘नाही’ आलं तर तुमच्या मुलीचा मेलबर्नहून फोन आला तरी उपयोग नसतो. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत तर तुमचा पासपोर्ट नंबर थेट त्यांच्या सरकारी यंत्रणेशी ताडून पाहिला जातो.

आणि इथंच तुमच्या पत्रातला खरा कळीचा मुद्दा आहे. तुम्ही तो अगदी शेवटाकडं लिहिलाय. पासपोर्टला सात महिने उरलेत.

ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टात चिकटवत नाहीत. २०१५पासून तो नुसता संगणकातली नोंद आहे, आणि ती नोंद पासपोर्टच्या नंबराला बांधलेली असते. समजा आत्ताच्या पासपोर्टवर व्हिसा काढलात, मग पासपोर्ट नवा केलात, तर नंबर बदलतो. नव्या नंबराची नोंद तुम्ही त्यांच्याकडं केली नाहीत तर काउंटरवरच्या संगणकाला तुमचा व्हिसा दिसतच नाही. व्हिसा आहे, पण तुमचा नाही! दुरुस्ती करता येते, फार अवघडही नाही, पण आपण होऊन ती झंझट कशाला ओढवून घ्यायची. आधी पासपोर्ट नवा करा, तो हातात येऊ द्या, त्या नंबरावर व्हिसाचा अर्ज भरा, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. तुमचा मुलगा म्हणतो त्याच्या बरोबर उलट्या क्रमानं. मुदत संपायच्या आधी वर्षभरापासून पासपोर्ट नवा करून मिळतो, तेव्हा तुम्ही वेळेत आहात. ३६ पानी पासपोर्टची नेहमीची फी १,५०० रुपये.

बेळगावच्या हेड पोस्टात पासपोर्टचं केंद्र आहे. पण तुम्हाला कोल्हापूर जवळ. २०१८पासून देशात कुठूनही पासपोर्टचा अर्ज करता येतो, राज्याची अट राहिलेली नाही. सीमाभागातल्या पुष्कळ लोकांना हे अजून माहीत नाही आणि ते उगाच लांब जातात. कोल्हापूरला अर्ज केलात तरी पोलिस चौकशी मात्र तुमच्या पत्त्यावर, निपाणी ठाण्यातूनच होणार. घरी कुणीतरी असू द्या. कोल्हापूरला जाणार असाल तर निव्वळ कन्नडमधला कागद एकटा नेऊ नका, तिथल्या टेबलावरच्या माणसाला तो वाचता येईलच असं नाही.

बेळगाव की बेळगावी? १ नोव्हेंबर २०१४ला नाव बदललं, त्यामुळं आपल्या सगळ्यांचे कागद दोन पिढ्यांचे आहेत. आणि तुमचं निपाणीही काही कमी नाही, इंग्रजीत कुणी एक ‘पी’ घालतं, कुणी दोन. व्हिसाचा अर्ज भरताना मनानं काही सुधारायचं नाही. नव्या पासपोर्टावर जे छापून येईल तेच, अक्षराला अक्षर. ऑस्ट्रेलियाच्या अधिकाऱ्याला आपल्या गावाचं खरं नाव कुठलं यात रस नाही, दोन कागदांवर एकच मजकूर आहे का यात आहे. गावाच्या नावापेक्षा मी तुमच्या स्वतःच्या नावाकडं जास्त लक्ष देईन. आपल्या बायकांच्या नावामागं कुठं ‘बाई’ लागतं कुठं नाही, मधलं नाव कुठं नवऱ्याचं तर कुठं वडिलांचं, कानडी कागदावर तर नुसती आद्याक्षरं. पासपोर्टाच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. तो सोडला की सगळं नाव एका ओळीत छापतात आणि मग तिकिटावर काय घालायचं यावरून गोंधळ उडतो. तिकिटावरचं नाव पासपोर्टासारखंच हवं.

जुना व्हिसा चालणार नाही. वापरला नाही म्हणून तो शिल्लक राहत नाही, त्याची मुदत तारखेवर संपते. सीमा बंद असताना वाया गेलेल्या व्हिसांसाठी त्यांनी नव्या अर्जाची फी माफ करण्याची सवलत दिली होती, तिचीही मुदत कधीच संपली. वाईट वाटून घेऊ नका, यजमानांच्या आजारपणात हे बघायला वेळ कुणाला असणार. नवा अर्ज ऑनलाइनच भरायचा, व्हिजिटर व्हिसा, सबक्लास ६००. मुलीला तुमच्यासोबत व्हिडिओ कॉलवर बसवा आणि भरा. अर्जात मागं व्हिसा मिळाला होता का विचारतील तिथं ‘होय’ लिहा, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

व्हिसा मंजूर झाला की ईमेलनं पत्र येतं. ते मुलाला न देता स्वतः वाचा, गणिताचा पेपर तपासता तसं. त्यात एक तारीख असते, ‘या तारखेनंतर प्रवेश करू नये’. आणि वेगळ्या ओळीत असतो मुक्काम, उदाहरणार्थ ‘प्रत्येक प्रवेशापासून ३ महिने’. माणसं पहिली तारीख बघतात आणि समजतात तोवर राहता येतं. नाही. व्हिसा वर्षभराचा असला तरी एका वेळी तीन महिनेच राहता येईल. परतीचं तिकीट मुक्कामाच्या ओळीवरून काढायचं. त्याच पत्रात अटींचे नंबर असतात. ८५०३ हा आकडा दिसला तर तिथं बसून मुक्काम वाढवून घेता येत नाही असं धरून चला. लेकीकडं गेल्यावर ‘अजून दोन महिने राहा की आई’ हे होणारच, म्हणून आधी सांगून ठेवलं. सहा महिने किंवा त्याहून जास्त मुक्काम मागितलात तर आपल्या देशातल्या अर्जदाराला छातीचा एक्स-रे लागतो. तो क्षयरोगासाठी, त्याचा कोविडशी संबंध नाही.

विमा घ्या. तिथली सरकारी आरोग्यसेवा आपल्या पर्यटकांना लागू नाही, आणि दवाखान्याचं बिल रुपयांत मोजायला गेलं की घाम फुटतो. विमा घेताना बीपी, साखर जे असेल ते लिहा. न लिहिता स्वस्त घेतलेला विमा ऐन वेळी कागदाच्या किमतीचाही नसतो. गोळ्या तीन महिने पुरतील एवढ्याच, मूळ पाकिटात, आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र सोबत. टाइप केलेलं मागा. आपल्या डॉक्टरांचं अक्षर इथला मेडिकलवालाच वाचू जाणे.

हे नियम पुन्हा बदलणार नाहीत ना, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडची आणीबाणी ५ मे २०२३ला संपली असं जाहीर केलं. पण त्याच्या थोडं आधी, दार उघडून झाल्यावरही, त्याच वर्षी ५ जानेवारीपासून ११ मार्चपर्यंत चीनमधून येणाऱ्यांना ऑस्ट्रेलियानं पुन्हा टेस्ट लावली होती. म्हणजे दार किलकिलं करायची नि लावायची सोय प्रत्येक देशाच्या हातात आहेच. त्यावर आपला उपाय एवढाच, की तिकीट काढायच्या दिवशी आणि निघायच्या आठवडाभर आधी, असं दोनदा ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याचं पान आणि विमान कंपनीचं पान उघडून बघायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं बघायचं नाही. आणि तारीख बदलून मिळणारं तिकीट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. २०२०मध्ये ज्यांनी ते घेतलं होतं त्यांची कमी रडारड झाली, हे मी काउंटरच्या या बाजूनं पाहिलंय.

राहिला कुंदा. मला माहीत होतं हा प्रश्न येणार, बेळगावकडचं माणूस परदेशी निघालं आणि कुंदा निघाला नाही असं झालेलं नाही. ऑस्ट्रेलियात तो नेता येत नाही. आपल्या देशात गुराढोरांना लाळ्या-खुरकूत आहे, तिकडं नाही, म्हणून आपल्याकडचे दुधाचे पदार्थ ते आत घेत नाहीत. पेढा, बर्फी, कुंदा सगळं त्यात आलं. कढीपत्त्याची ताजी डहाळी, तुळशीचं बी, कुठलंच रोप-बियाणं नको. गोकाकचं करदंट, लोणचं, चटणी, मसाला असलं काही नेणार असाल तर दुकानातलं सीलबंद न्या आणि विमानात मिळालेल्या त्या कार्डावर खाण्याच्या रकान्यात ‘होय’वर खूण करा. होय लिहिलं म्हणून दंड होत नाही, फार तर तो पदार्थ काढून घेतात. दंड होतो तो ‘नाही’ लिहून बॅगेत सापडल्यावर, आणि तो हजारो डॉलरच्या घरातला असतो. व्हिसाही रद्द होऊ शकतो. काही आमच्या गिऱ्हाइकांनी ‘घरचंच तर आहे’ म्हणून ‘नाही’ लिहिलं होतं. घरचं आहे हे तिथल्या कुत्र्याला समजत नाही, त्याला वास येतो.

कुंद्याऐवजी नातीसाठी मराठी बाराखडीचं पुस्तक न्या. छापील कागदाला तिकडं कुणी हात लावत नाही. आणि जुना पासपोर्ट रद्द करून परत दिला की फेकू नका, त्याच्या नंबरावर तुमच्या त्या न वापरलेल्या व्हिसाची नोंद आहे. नव्या अर्जात तो नंबर मागतील.